जुनी मोटार कशी पारखावी?

६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिस येथे जुन्या मोटारींचा एक लिलाव झाला. त्यात इटलीतील फेरारी कंपनीने १९६१ साली बनविलेली एक उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार होती. फ्रान्सच्या पश्चिम भागातील एका आवारात ती कित्येक वर्षे जुन्या मासिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली पडून राहिली होती. लिलावात मांडण्यापूर्वी तिला नवा रंग दिला नव्हता, पत्रा ठोकून सरळ केला नव्हता, इतकेच काय, तिच्यावरची धूळही ठेवली होती. तरीही तिला सुमारे १ कोटी ६३ लाख युरो किंमत आली. त्या वेळच्या दराने ही रक्कम शंभर कोटी रुपयांहून अधिक होते.

चकचकीत वस्तूला जास्त किंमत आणि मळक्या वस्तूला कमी, असा आपला रोजचा अनुभव. मग येथे उलटे कसे झाले? घेणाऱ्यांनी त्या धुळीखाली नेमके काय पाहिले? आणि एखादी जुनी मोटार खरोखरच मूळ स्वरूपातील आहे की नुसती तशी भासते, हे ओळखतात कसे? हे काम डोळे, भिंग, लोहचुंबक, थोडे रसायनशास्त्र आणि थोडे गणित यांच्या बळावर चालते. आपल्या शाळेत जे शिकवले जाते, त्याबाहेरचे त्यात फारसे काही नाही.

आपल्याकडची इटालियन मोटार

परभणी जिल्ह्यात फेरारी कोठून येणार, असे तुम्ही म्हणाल. परंतु इटालियन घराण्याची मोटार आपल्या जिल्ह्याने चांगली पाहिली आहे. ती म्हणजे फियाट. फियाट ही कंपनी १८९९ साली इटलीतील ट्युरिन शहरात स्थापन झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून ‘फियाट ११००’ ही मोटार तयार करण्यास सुरुवात केली. तिच्या गुबगुबीत आकारामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. पुढे हिच्याच घराण्यातील मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघरी माहीत झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. तेथील रस्त्यांवरून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली.

या साध्या घरगुती मोटारीचे स्पोर्ट्स मोटारींशी जवळचे नाते आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत तयार झालेली ‘चिसितालिया २०२’ ही मोटार इतकी देखणी होती, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात ती मांडली. तिचे इंजिन फियाट ११०० च्या इंजिनावरून घेतलेले होते. एन्झो फेरारी यांनी १९४० साली शर्यतीसाठी जी पहिली मोटार बनवली, तिच्यातही फियाट ११०० चे भाग वापरलेले होते. म्हणून फेरारी पारखण्याची जी पद्धत, तीच आपण फियाटवर शिकू शकतो.

जाहिरात म्हणजे दावा

समजा, सेलू किंवा मानवत येथील एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली एक फियाट उभी आहे. आवारातील सामानाचा लिलाव निघाला आहे. जाहिरातीत लिहिले आहे: ‘फियाट ११००. १९५६ सालची. एकाच मालकाची. मूळ रंग. मीटरवर ४१,३२६. जशी आहे तशी व जेथे आहे तेथे.’

शेवटचे शब्द महत्त्वाचे. बोली लागल्यावर काही दोष निघाला तरी तक्रार चालणार नाही, असा त्यांचा अर्थ. म्हणजे पारखायचे ते आधीच. अनेकदा पाहणीसाठी एखादाच दिवस मिळतो आणि इंजिन उघडण्याची परवानगी नसते. शेतीच्या उत्पन्नातून साठवलेले पैसे घेऊन कोणी बोली लावायला आला असेल, तर त्या एका दिवसात त्याने काय पाहिले यावर सगळे अवलंबून असते.

ही मोटार आणि ही जाहिरात आपण उदाहरणासाठी कल्पिलेली आहे. तिच्यात चार दावे आहेत: साल, मालक, रंग आणि चाललेले अंतर. प्रत्येक दावा वेगळा घ्यावा आणि त्याच्या बाजूने व विरुद्ध काय दिसते ते वहीत दोन रकान्यांत लिहावे. ‘गाडी छान वाटते’ असे मोघम लिहू नये.

कागद काय सांगतात?

प्रथम नोंदणी पुस्तक, म्हणजे आरसी बुक, पाहावे. कागदावर मजकूर हवा तसा लिहिता येतो. पण इतिहास आणि भूगोल सहसा खोटे बोलू देत नाहीत. परभणी जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तेव्हा १९५८ सालच्या नोंदीवर ‘महाराष्ट्र राज्य’ असा शिक्का असेल, तर तो कागद मागाहून बनवलेला आहे हे उघड आहे. तसेच हिंगोली हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वीच्या तारखेच्या कागदावर ‘जिल्हा हिंगोली’ असे असू शकत नाही.

नंबर पाटीही बोलते. आज परभणीच्या वाहनांवर ‘एमएच २२’ असते. ही पद्धत १९८९ च्या मध्यापासून आली. १९५६ च्या मोटारीवर अशी पाटी दिसली तर तिची पुन्हा नोंदणी कधी आणि का झाली, हे विचारले पाहिजे.

यानंतर चेसिसवर आणि इंजिनवर ठोकलेले क्रमांक पाहावेत. आरटीओत जसा पेन्सिलचा ठसा घेतात, तसाच आपणही घ्यावा. क्रमांकावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवली, की डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा कागदावर उमटतो. अक्षरांची उंची सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, भोवतालचा पत्रा कानशीने घासलेला आहे का, हे ठशात दिसते.

येथे धातुशास्त्रातील एक गोष्ट समजून घ्या. लोखंडी ठशाने आकडा ठोकला, की त्याच्या खाली बऱ्याच खोलीपर्यंतचा धातू दाबला जातो आणि त्यातील स्फटिकांची रचना बिघडते. कोणी वरचा आकडा घासून टाकला तरी खालचा बिघाड शिल्लक राहतो. बिघडलेला धातू आम्लात जास्त वेगाने विरघळतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील तज्ज्ञ तांब्याच्या क्लोराइडचे आम्लयुक्त द्रावण लावून पुसलेले आकडे पुन्हा दृश्यमान करतात. हा प्रयोग आपण करायचा नाही. मात्र पुसलेली खूण पूर्ण नाहीशी होत नाही, हे तत्त्व ध्यानात ठेवा. ते आपल्याला पुढेही उपयोगी पडणार आहे.

दारे आणि नावे

फियाट ११०० चा आराखडा आपल्याकडे सुमारे साडेचार दशके चालला. त्यामुळे एका सालाच्या मोटारीला दुसऱ्या सालाचे भाग बसवणे सोपे होते. दुरुस्तीला ही सोय फार चांगली, पण पारखणाऱ्याला ती अडचणीची. म्हणून कोणती खूण कोणत्या काळातील, हे माहीत हवे.

१९५४ च्या मूळ मोटारीची पुढची दारे मागच्या कडेला बिजागरी असलेली होती. म्हणजे ती पुढून उघडत. पद्मिनीची दारे आज सर्वत्र असतात तशी, पुढच्या कडेला बिजागरी असलेली होती. १९५६ सालची म्हणून सांगितलेल्या मोटारीचे पुढचे दार पद्मिनीसारखे उघडत असेल, तर एक तर साल चूक आहे, नाही तर सांगाडाच दुसरा आहे. ‘पद्मिनी’ हे नावही १९७४ पासूनचे आहे. ते नाव असलेली पट्टी जुन्या मोटारीवर दिसली तर ती मागाहून लावलेली.

आपल्या उदाहरणातील मोटारीची दारे मागच्या कडेला अडकवलेली आहेत आणि कागदांवरील शिक्केही काळाला धरून आहेत. आरसी बुकात मालकाचे नाव एकच आहे. पहिले दोन दावे टिकले, असे वहीत लिहू.

गंज आणि परभणीची हवा

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो, हे तुम्हांला माहीत आहे. यांपैकी एकही घटक काढून घेतला तर क्रिया थांबते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. त्यात मीठ असेल तर तो आणखी वाढतो. म्हणून मुंबईच्या खाऱ्या हवेतील मोटार आणि परभणीतील मोटार सारख्या गंजत नाहीत. परभणीत उन्हाळ्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, हवा कोरडी होते आणि गंज जवळजवळ थांबतो. पावसाळ्यात, वर्षाला सुमारे ९०० मिमी पाऊस पडत असताना, तो पुन्हा सुरू होतो.

मग कोरड्या प्रदेशातील मोटार सुरक्षित समजावी का? तसे नाही. दोन गोष्टी आपल्याकडे विशेष आहेत.

पहिली गोष्ट काळी माती. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि ते पाणी सहज सोडत नाही. पावसाळ्यात चाकाबरोबर उडालेला चिखल मडगार्डच्या आतील कोपऱ्यांत बसतो. बाहेरचा पत्रा वाळला तरी त्या चिखलाखाली ओल टिकते. शिवाय चिखलाच्या थराखाली प्राणवायू कमी पोचतो आणि शेजारच्या उघड्या भागाला तो भरपूर मिळतो. या फरकामुळे पत्र्यावर एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात प्राणवायू कमी असलेला भाग झिजतो. म्हणून पत्रा चिखलाच्या आड, न दिसता खंगतो.

दुसरी गोष्ट दव. परभणीत हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांपर्यंत उतरतो. रात्री उघड्या आकाशाखाली शेडचा पत्रा उष्णता बाहेर टाकून हवेपेक्षाही थंड होतो. त्याच्या खालच्या बाजूवर दव जमते आणि थेंब मोटारीच्या टपावर पडतात. म्हणजे ‘छपराखाली ठेवली होती’ एवढ्याने समाधान मानू नये.

आता एक हिशेब करू. ५६ ग्रॅम लोखंडाचे आकारमान, घनता ७.८७ धरून, सुमारे ७.१ घन सेंमी होते. त्या सर्वाचे फेरिक ऑक्साइड झाले तर वजन ८० ग्रॅम होईल. त्याची घनता सुमारे ५.२४, म्हणून आकारमान सुमारे १५.३ घन सेंमी. म्हणजे दुपटीहून जास्त. प्रत्यक्ष गंजात पाणीही असल्याने तो आणखी जागा व्यापतो. जागा अपुरी पडली की तो वरच्या रंगाला उचलतो. रंगावर फोड दिसला तर तो रंगाचा दोष नसून खाली पत्रा खाल्ला जात असल्याची खूण आहे, ती यामुळे.

फियाट ११०० मध्ये वेगळा चेसिस नसतो. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो. त्या काळच्या फेरारीत नळ्यांची वेगळी चौकट असे. म्हणून फेरारीच्या दारावरचा गंज आणि फियाटच्या दाराखालच्या पट्टीतील गंज यांचे महत्त्व सारखे नाही. फियाटमध्ये दाराखालच्या पट्ट्या, पायदानीखालची जमीन, डिकीतील जादा चाकाची जागा आणि मडगार्डचे आतले कोपरे आधी पाहावेत. लाकडी दांडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. भद्द आवाज आला तर खाली गंज, चिखल किंवा पुट्टी.

रंग आणि लोहचुंबक

चेपलेला पत्रा पूर्ण सरळ करणे कष्टाचे असते. म्हणून डेंटिंगवाले खोलगट भागात पुट्टी भरतात, ती घासून सारखी करतात आणि वर रंग मारतात. डोळ्यांना काही कळत नाही. पण लोहचुंबकाला कळते. चुंबक आणि लोखंड यांतील अंतर थोडे वाढले तरी ओढ झपाट्याने कमी होते. कारखान्यातील रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. पुट्टी मात्र एक-दोन मिमी जाड असू शकते. लहान चुंबक मऊ रुमालात गुंडाळून पत्र्यावरून हळूहळू फिरवावा. एका ठिकाणी ओढ एकदम ढिली पडली, की तेथे पुट्टी आहे.

परंतु चुंबक चिकटला नाही म्हणजे फसवणूकच झाली, असे समजू नका. मोटार कशाची बनलेली असायला हवी, हे आधी ठाऊक पाहिजे. जपानमध्ये अनेक वर्षे बंद पडून राहिलेली एक फेरारी डेटोना २०१७ साली इटलीत मारानेल्लो येथे सुमारे १८ लाख युरोंना विकली गेली. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा होता आणि रस्त्यावर चालवण्यासाठी बनवलेली तशी ती एकच डेटोना होती. तेथे चुंबक न चिकटणे हाच खरेपणाचा पुरावा! फियाटचा पत्रा मात्र पोलादी असतो. उपकरण तेच, पण त्याच्या उत्तराचा अर्थ आपल्या ज्ञानावर ठरतो.

रंग मूळ आहे की नाही, हे ओरखडा काढून पाहू नये. मोटारीला आधीच कोठे तरी खरचटलेले असते. त्या कडेवर भिंग धरले की थर दिसतात: तळाशी पत्रा, त्यावर अस्तर, त्यावर रंग. एकच रंग दिसला तर मूळ असण्याचा संभव अधिक. दोन-तीन रंग एकावर एक दिसले तर तितक्या वेळा रंगकाम झाले. दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या आतील बाजूस आणि बिजागरीच्या खाचेत रंगारी सहसा पोचत नाही. तेथील रंग बाहेरच्या रंगाशी ताडून पाहावा.

आपल्या कल्पित फियाटवर फिकट निळा रंग आहे. रबराखालीही तोच. सगळीकडे एकच थर. फक्त डाव्या पुढच्या मडगार्डवर चुंबक ढिला पडतो आणि तेथे भिंगातून दोन थर दिसतात. म्हणजे कधी तरी डावीकडून धक्का बसला आणि तेवढा भाग दुरुस्त झाला. तिसरा दावा बहुतांशी खरा आहे, पण पूर्ण खरा नाही.

मीटर आणि इंजिन

मीटरवर ४१,३२६ हा आकडा आहे. जुन्या मीटरमध्ये पाचच घरे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० येई. घड्याळात तेराव्या तासाला पुन्हा एक वाजतो, तसेच हे. म्हणून खरे अंतर ४१,३२६ असेल, १,४१,३२६ असेल किंवा २,४१,३२६ असेल. मीटर एकटा हे सांगू शकत नाही. शिवाय आपल्या देशात दशमान मापे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तेव्हा आकडा मैलांचा की किलोमीटरचा, हेही तबकडीवर पाहावे. ४१,३२६ मैल म्हणजे सुमारे ६६,५०० किमी.

मग साक्ष कोणाची काढायची? झिजलेल्या भागांची. ब्रेकच्या पायपट्टीवरील रबराची नक्षी, चालकाच्या बैठकीची कड, दार उघडल्यावर ते किती खाली लोंबते, किल्लीचे भोक किती पसरट झाले, हे सर्व वापराचे मोजमाप आहे. रबर नवे आणि बाकी सर्व झिजलेले असेल, तर रबर बदलले आहे.

समजा, आरसी बुकाच्या पाकिटात गॅरेजची एक जुनी पावती सापडली: ‘इंजिन बोअर, १ मिमी’. सिलिंडर आतून झिजला की तो थोडा मोठा कातून त्यात मोठा दट्ट्या बसवतात. याचा हिशेब असा: मूळ सिलिंडरचा व्यास ६.८ सेंमी, दट्ट्याची धाव ७.५ सेंमी, सिलिंडर ४.

३.१४१६ × ३.४ × ३.४ × ७.५ × ४ = सुमारे १०८९ घन सेंमी.

‘११००’ हे नाव या आकड्यावरूनच आले. बोअर केल्यावर व्यास ६.९ सेंमी झाला.

३.१४१६ × ३.४५ × ३.४५ × ७.५ × ४ = सुमारे ११२२ घन सेंमी.

फक्त १ मिमीने ३३ घन सेंमीचा फरक पडला. पण आपल्याला त्याहून महत्त्वाची गोष्ट कळली. ४१ हजार किलोमीटरमध्ये सिलिंडर इतका झिजणे सहसा होत नाही. पायपट्टी आणि बिजागरीही बरीच झिजलेली आहे. मीटरने एकदा तरी फेरा पूर्ण केला असावा. चौथा दावा संशयास्पद.

इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात दट्ट्याच्या कड्या सिलिंडरला गंजाने चिकटतात. जोराने फिरवले तर कड्या तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. माहीतगार मेकॅनिक आधी प्लग काढतो, आत थोडे तेल सोडतो, एक-दोन दिवस थांबतो आणि मग मालकाच्या परवानगीने पान्याने इंजिन हळूच हलवून बघतो. टाकीतील जुने पेट्रोल डिंकासारखे चिकट झालेले असते. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे, म्हणून चाकाजवळची धूळ फुंकर मारून कधीही उडवू नये. ती फुप्फुसांना घातक आहे.

पुराव्यांची बेरीज

चारही दाव्यांचा निकाल असा: साल खरे, मालक एकच, रंग एका मडगार्डखेरीज मूळ, अंतर बहुधा चूक. प्रत्येक खुणेचे एकटीचे वेगळे स्पष्टीकरण देता येते. पावती दुसऱ्या मोटारीची असू शकेल, पायपट्टी दुसऱ्याची बसवलेली असू शकेल. पण पावती, पायपट्टी आणि बिजागरी या एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तीन खुणा एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती मान्य करावी. रोगनिदान करणारा डॉक्टर आणि उत्खनन करणारा पुरातत्त्वज्ञ असाच विचार करतात.

आता बोली. समजा, मोटारीची खरी योग्यता ३ लाख रुपये आहे आणि दहा जण अंदाज बांधतात. कोणी २ लाख म्हणेल, कोणी ४ लाख. सर्वांची सरासरी ३ लाखांच्या जवळ येईल. पण लिलावात सरासरी जिंकत नाही. सर्वांत मोठा अंदाज जिंकतो. म्हणजे बहुधा ज्याची चूक सर्वांत मोठी, त्यालाच मोटार मिळते. म्हणून पारखी माणूस घरूनच आपली वरची मर्यादा वहीत लिहून आणतो. ज्या गोष्टी तपासता आल्या नाहीत, त्यांच्यासाठी काही रक्कम वजा करतो. मर्यादा ओलांडली की तो थांबतो. लिलावाच्या गर्दीत नवी मर्यादा ठरवत नाही.

धूळ पुसावी का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नवीन रंग केव्हाही देता येतो. १९५६ साली कुर्ल्याच्या कारखान्यात दिलेला रंग मात्र पुन्हा देता येत नाही. वस्तू एकदाच मूळ असते. तो रंग खरवडला की त्या काळी अस्तर कोणते होते, थर किती जाड होता, रंगाची छटा कोणती होती, ही सर्व माहिती कायमची जाते. पॅरिसच्या लिलावात घेणाऱ्यांनी धुळीची किंमत दिली नाही. धुळीखाली कोणाचा हात लागलेला नाही, या खात्रीची दिली.

कायद्यानेही मूळ स्वरूपाला महत्त्व दिले आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि ते प्रदर्शन, रॅली, संशोधन अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. म्हणजे हौसेने केलेला अतिरेकी कायापालट मोटारीची ही ओळखही धोक्यात आणू शकतो.

याचा अर्थ मोटार गंजत ठेवावी असा नाही. चिखल काढावा, ओल थांबवावी, गंज वाढू देऊ नये, झिजलेले ब्रेक बदलावेत आणि काढलेला भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. प्रत्येक कामाआधी छायाचित्र घ्यावे. जे केल्याने पुरावा टिकतो ते आधी. जे केल्याने तो पुसतो ते शेवटी, आणि शक्यतो नकोच. आपल्या घरातील जुनी सायकल, मोटेचे चाक, शिवणयंत्र किंवा आजोबांचा रेडिओ यांनाही हाच नियम लागू आहे. दिवाळीपूर्वी एखादी जुनी वस्तू रंगवायला काढाल, तेव्हा ब्रश बुडवण्याआधी भिंग घेऊन पाच मिनिटे तिच्याकडे पाहा.

करून पाहा

१. चार परीक्षानळ्यांत सारखे स्वच्छ खिळे ठेवा. एकीत कोरडी हवा (चुनकळी घालून बूच लावा), दुसरीत साधे पाणी, तिसरीत मिठाचे पाणी, चौथीत ओली काळी माती. खिळे आधी वजन करून ठेवा. ३० दिवसांनी गंज घासून काढून पुन्हा वजन करा. चौथ्या नळीतील खिळा कोठे जास्त झिजला आहे, ते भिंगाने पाहा.

२. ५०० कागदांच्या गठ्ठ्याची जाडी मोजून एका कागदाची जाडी काढा. मग लोखंडी पत्रा व चुंबक यांमध्ये १, २, ४, ८, १६ कागद ठेवून चुंबक सोडवायला किती बल लागते, ते स्प्रिंग तराजूने मोजा आणि आलेख काढा. या आलेखावरून पुट्टीची जाडी सांगता येईल का?

३. तुमच्या सायकलच्या फ्रेमवरील क्रमांकाचा पेन्सिल ठसा घ्या.

विचार करा

१. मीटरला पाच घरे आहेत आणि आकडा ०७,५०० दाखवतो. मोटार २० वर्षे, वर्षाला १०,००० ते १२,००० किमी चालली असे कागदांवरून कळते. खरे अंतर किती असावे?

२. वर्गातील दहा जणांनी एका बरणीतील हरभऱ्यांची संख्या अंदाजाने सांगावी. सरासरी अंदाज आणि सर्वांत मोठा अंदाज यांपैकी खऱ्या संख्येच्या जवळ कोणता आला? याचा लिलावाशी काय संबंध आहे?

शिक्षकांसाठी

पहिला प्रयोग पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात असा दोनदा करून घ्यावा व शेजारी आर्द्रतामापकाची रोजची नोंद ठेवावी. आपल्याच गावची हवा लोखंडाशी कशी वागते, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांतून कळेल.